टॅबवरचं गाऱ्हाणं

गुणाजी घाड्यांना हल्ली नावं आठवत नाहीत, ही गोष्ट अख्ख्या पोखरवाडीला ठाऊक होती आणि एकट्या गुणाजींना मान्य नव्हती.

पोखरवाडी आहे तळकोकणात, पण तिची माणसं म्हणाल तर निम्म्याहून जास्त कांदिवली, बोरिवली, भांडुप, मुलुंड अशी विखुरलेली. गिरण्या होत्या तोवर सगळी एका गल्लीत राहायची. गिरण्या गेल्या नि माणसं पांगली. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या एका रविवारी, ती कांदिवलीच्या एका हॉलमध्ये गोळा होतात. ग्रामस्थ मंडळाची सत्यनारायणाची पूजा होते, आणि जेवणाची पानं मांडायच्या आधी गुणाजी उभे राहून गाऱ्हाणं घालतात.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे हो. देवासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं मागायचं, ते गाऱ्हाणं. ज्यानं नारळ ठेवला, ज्यानं वर्गणी दिली, त्याचं नाव घ्यायचं, त्याची अडचण देवाच्या कानावर घालायची, आणि प्रत्येक मागण्यामागून सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, ‘व्हय म्हाराजा!’ गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही, सांगणाऱ्याला अडवायचं तर मुळीच नाही. आणि एकही नाव गाळायचं नाही. हा घाड्यांच्या घराचा मान, आणि गुणाजी तो एकेचाळीस वर्षं सांभाळत आले होते. गिरणीत असताना सांभाळला, पुढे अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर अठरा वर्षं वॉचमनकी केली तेव्हाही सांभाळला.

गेल्या वर्षी मात्र वाट लागली. अकरा हजार देणाऱ्या पाहुण्यांना गुणाजींनी भलत्याच आडनावानं आशीर्वाद दिला. ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारी माइक धरून उभा असलेला बाळा, त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचंच नाव घ्यायचं राहिलं. बाळानं दोन महिने फोन उचलला नाही.

त्यात यंदा मंडळाचा सचिव झाला हर्षद. वय अडतीस, धंदा विम्याचा, पिशवीत डायटचा डबा आणि बगलेत कायम एक टॅब. माणसं खिशातून मोबाइल काढून पैसे देतात. हा भाजीच्या गाडीपुढे तो ताटाएवढा टॅब दोन्ही हातांत उभा धरतो, मागच्या बायका खोळंबतात, आणि मग कोड स्कॅन होऊन चाळीस रुपयांची मेथी मिळते. मोठ्या स्क्रीनवर व्यवहार कसा स्वच्छ दिसतो, असं त्याचं म्हणणं. मंडळाच्या सभेत त्यानं स्वच्छच सांगितलं.

“काका, यंदा शेवटचा चान्स. तुम्ही अडखळलात, तर पुढच्या वर्षीपासून स्पीकरवर रेकॉर्डिंग लावायचं. नेटवर एकसे एक गाऱ्हाणी पडलीयत. दहा मिनिटांत काम तमाम, लोक वेळेवर जेवतील.”

गुणाजी घरी आले ते फणफणतच. “माझा गाऱ्हाणा डब्यातसून वाजवतले?”

“तुमी नावा इसरतास,” रत्नप्रभा भाजी निवडता निवडता म्हणाली. “डबो इसरणा नाय.”

ही त्यांची बायको. पन्नास वर्षं संसार केला, पण नवऱ्याची बाजू घ्यायची सवय तिनं स्वतःला लागू दिली नाही.

खरं सांगायचं तर गुणाजी घाबरले होते. एवढ्या मोठ्या मुंबईत त्यांचं ऐकलं कोणी? गिरणीत साच्यांच्या खडखडाटात ऐकू जायचं नाही, आणि गेटवर साहेब लोक काच खाली न करता निघून जायचे. पण वर्षातल्या त्या अर्ध्या तासात दोनशे माणसं त्यांच्या एकेका शब्दामागे ओरडायची. ते गेलं की मागे उरणार होता चष्मा शोधत बसणारा एक म्हातारा. ते त्यांना नको होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी हर्षदनं टॅब त्यांच्या हातात ठेवला. “वर्गणी यंदा सगळी ऑनलाइन. कोड आठ दिवसांपूर्वीच ग्रुपवर टाकलाय, शिवाय इथं टेबलावर पण लावलाय. आलेलं प्रत्येक नाव ह्यात दिसतं, खाली रक्कम, त्याखाली मेसेज. वरून सुरुवात करायची आणि बोटानं सरकवत खाली जायचं. विसरायचा प्रश्नच नाही. कळलं?”

कळलं म्हणजे काय, गुणाजींचा चेहराच उजळला. नावं इंग्रजीत होती, पण अठरा वर्षं गेटवरच्या वहीतली इंग्रजी नावंच तर वाचली होती त्यांनी. शत्रूनं आपल्या हातानं औषध आणून द्यावं, तसं झालं होतं.

एक गोष्ट मात्र हर्षदच्या डोक्यातून सपशेल गेली होती. मंडळाच्या नावानं कोड काढायचा तर बँकेला जुन्या विश्वस्तांच्या सह्या हव्या होत्या, आणि पाचातले तीन विश्वस्त वर गेले होते. म्हणून त्यानं बेधडक स्वतःच्याच खात्याचा कोड लावला होता. मंडळाला आलेले आणि त्याच्या खिशातून गेलेले, सगळे पैसे एकाच यादीत एकाखाली एक बसले होते.

कोडाच्या टेबलावर हर्षदची बायको ऋतिका बसली होती. गोड पोरगी, हसून बोलणारी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि येणारी प्रत्येक बाई वर्गणीआधी तिच्या पोटाकडे एक नजर टाकून घेत होती. रत्नप्रभानं तिच्याकडूनच आपल्या मोबाइलवरून एकशे एक रुपये पाठवून घेतले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ह्यो चौकोन कसलो गो?”

“त्यात मेसेज लिहायचा, काकी. काही सांगायचं असेल तर.”

“आणि वाचतला कोण?”

“आज गुणाजीकाकाच वाचणार.”

झालं. रत्नप्रभा आत गेली आणि पाच मिनिटांत बायकांच्या बाजूला बातमी पोचली: चौकोनात जे लिहाल ते थेट देवाच्या कानावर जातं, एकशे एक रुपयाला एक मागणं. टेबलापुढे रांग लागली. ज्यांनी सकाळीच पैसे पाठवले होते, त्या मागण्यासाठी परत पाठवायला लागल्या. वर्गणी एवढी कशी वाढतेय ते हर्षदला कळेना. तो खुशीत हॉलच्या दुसऱ्या टोकाला, केटररच्या मागे लागायला निघून गेला.

पूजा आटोपली. आरती झाली. दोनशे माणसं मांडी घालून दाटीवाटीनं बसली, वड्यांचा वास सुटला होता, पोरं भुकेनं कुरकुरत होती. गुणाजी उभे राहिले. शेजारी बाळा माइक घेऊन.

“बा देवा रवळनाथा! माऊली सातेरी! बारा पाचाच्या पूर्वसा! आज तुझी लेकरा मुंबैत पोटापाण्याक इली, तरी तुका इसराक नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काय आवाज लागला होता! आणि पहिलं नाव त्यांनी मुद्दाम, यादीत न बघता घेतलं, ते बाळाचं. त्याचा गुडघा बरा कर, म्हाराजा. बाळानं स्वतःच्या नावाला सगळ्यांत मोठा ‘व्हय’ दिला. मग गुणाजींनी चष्मा सारखा केला, टॅबवर बोट ठेवलं आणि गाडी सुरू झाली. अमक्याचे पाचशे एक, पोराला नोकरी दे. तमक्याचे दोनशे एक, बदली बोरिवलीत कर. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. एक नाव चुकत नव्हतं.

“कुंदा वासुदेव राणे, एकशे एक रुपये. म्हाराजा, कुंदाचा मागणा आसा, तिच्या सुनेक अक्कल दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळी एका झटक्यात ओरडून मोकळी झाली, आणि काय ओरडलो ते मागाहून कळलं. कुंदा पदरात तोंड लपवू लागली. तिची सून तिच्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, बोलायचं नसतंच, पण तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि अंगठे फिरवले. गुणाजींच्या हातात टॅब ‘टुंग’ करून वाजला. यादीच्या अगदी वर एक नवी ओळ येऊन बसली.

नाव गाळायचं नाही म्हणजे नाही. “म्हाराजा, कुंदाच्या सुनेन एकशे एक ठेवल्यान! तिचा मागणा आसा, सासूची जीभ जरा आखूड कर!”

“व्हय म्हाराजा!” हे बायकांच्या बाजूनं असं दणक्यात आलं की भटजी दचकले.

मग काय विचारता. मांडीवरचे मोबाइल पटापट उजळले. टुंग, टुंग, टुंग. एका जावेनं दुसरीनं नेलेला कुकर मागितला. एकानं भावाला गावच्या पडवीचा अर्धा हिस्सा सोडायची बुद्धी मागितली, तर भावानं दोनशे एक टाकून त्याला पडवी विसरायची बुद्धी मागितली. रत्नप्रभाचीही नवऱ्याबद्दलची ओळ आली: घो माझा ऐकूंदे. ती वाचताना गुणाजींनी आवाज जरा खाली आणला, पण बायकांनी ‘व्हय’ म्हणायचं सोडलं नाही.

वर उडी मारणाऱ्या ओळी वाचता वाचता आपण खाली कुठं होतो तेच गुणाजींना सापडेना. त्यांनी अंगठ्यानं यादी जोरात लोटली. ती भर्रकन धावली आणि खूप खाली जाऊन थांबली. मध्ये काही नावं आली, ती त्यांनी घेतली. आणि मग एक ओळ अशी आली की त्यांची छाती फुगली.

“म्हाराजा! केशवैभव हेअर क्लिनिक, अठरा हजार रुपये!”

हॉल चकित. मंडळाच्या इतिहासात कोणी अठरा हजार दिले नव्हते. एवढ्या मोठ्या वर्गणीला मागणंही तसंच भरभक्कम हवं. गुणाजींनी खालचा मेसेज वाचला, फोर्थ सिटिंग, म्हणजे चौथी बैठक, आणि आपल्या परीनं अर्थ लावला. “चार बैठकी झाल्यो तरी ज्या डोक्यार काय उगवाक नाय, त्या डोक्यार रान माजव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हॉलच्या टोकाला, केटररच्या पातेल्यांपाशी हर्षद ताठ उभा राहिला. गेले दोन महिने तो सायनसचं कारण सांगून डोक्यावरची लोकरी टोपी काढत नव्हता. तो दोन्ही हात हलवू लागला. गुणाजींना वाटलं, मागे आवाज पोचत नाही. त्यांनी बाळाला खुणेनं माइक जवळ आणायला लावला.

“स्टेशनसमोरचा वाईन शॉप, सातशे चाळीस रुपये! म्हाराजा, दारूवाल्याच्या मनात पण तुझी आठवण इली. त्येच्या धंद्याक बरकत दी!”

पुरुषांच्या बाजूनं जे ‘व्हय म्हाराजा’ उठलं, तसं गेल्या एकेचाळीस वर्षांत उठलं नव्हतं. हर्षद रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर व्यसनमुक्तीचे सुविचार टाकायचा, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. तो आता माणसांतून वाट काढू बघत होता. पण गाऱ्हाणं चालू असताना हलायचं नाही, म्हणून एकही म्हातारी गुडघा बाजूला करेना, उलट दोघींनी त्याचा शर्ट धरून त्याला जागीच उभा ठेवला.

बाळानं माइकवर हात ठेवला आणि गुणाजींच्या कानाला लागला. “अरे गुणाजी, ही वर्गणी नाय. ह्या सगळा हर्षदाचा आसा. त्येनी दिलेले पैसे हे.”

गुणाजींनी टॅबकडे बघितलं. हॉलच्या टोकाला लोकरी टोपीकडे बघितलं. आणि त्यांच्या पोटात जी गुदगुली झाली म्हणता! डब्यातून गाऱ्हाणं वाजवतो काय! आता इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं, पण गुणाजी त्या घडीला शहाणे नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

“पाणीपुरीवालो, साठ रुपये!” ते दुप्पट आवाजात म्हणाले. “परत पाणीपुरीवालो, साठ रुपये! म्हाराजा, डायटचो डबो घेवन फिरणाऱ्याक चार वाजता पाणीपुरी आठवता, त्येच्या पोटाक सांभाळ!”

“व्हय म्हाराजा!” आता लोक पोट धरून हसत होते. ऋतिकासुद्धा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. पुढची ओळ काय येते म्हणून दोनशे माना लांब झाल्या. गुणाजींनी मजेत बोट सरकवलं आणि तोंड उघडलं.

ओळीत टेस्ट ट्यूब बेबीच्या एका दवाखान्याचं नाव होतं. खाली रक्कम, मोठी. त्याखाली मेसेज, दोनच शब्द. थर्ड टाइम.

गुणाजींचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्यांनी परत वाचलं. वहीतली नावं वाचायचे तसं, बोट ठेवून, एकेक अक्षर. मग वर बघितलं. हर्षदचे हलणारे हात थांबले होते. आता यादीत पुढं काय आहे ते त्याला माहीत होतं. तो गुणाजींकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर सचिवपणा औषधालाही उरला नव्हता. बायकांच्या बाजूला ऋतिकानं नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचं हसू विझलं. तिनं मान खाली घातली.

बाळानं कोपर मारलं. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “इसरले गो, परत इसरले.” गुणाजींना ते ऐकू आलं. दवाखान्याचं नाव वाचलं की गाऱ्हाणं वाचणार होतं, एवढं सोपं होतं. दोनशे माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला श्वास घेऊन बसली होती. आणि उद्यापासून कांदिवली ते मुलुंड घराघरांत त्या पोरीचंच नाव चघळलं जाणार होतं. आपण आत्ता दोन मिनिटांपूर्वी काय चावटपणा करत होतो, ते आठवून म्हाताऱ्याला मनापासून लाज वाटली.

त्यांनी टॅब पालथा करून पाटावर ठेवला.

“म्हाराजा,” ते म्हणाले, आणि आवाज फाटला. पुढचं सुचेना. “म्हाराजा, माझो डोळो आता चलणा नाय. नाव आठवणा नाय. अडखळलंय मी. माझ्या तोंडातसून जा नाव ऱ्हवला, ता तुका ठावक आसा.”

“व्हय म्हाराजा,” लोक जरा चाचरतच म्हणाले.

मग गुणाजींनी डोळे मिटले आणि श्वास न घेता, भरभर, एका दमात म्हटलं, “कोणाक घर व्हया, कोणाक नोकरी व्हयी, कोणाच्या घरात पाळणो हलाक व्हयो, कोणाच्या पोराचा लगीन अडला, कोणाचा दुखणा सरणा नाय, जा कोणाक तोंडान मागूक जमणा नाय ता तू न मागता दी, आणि जा काय वाकडा आसात ता येशीभायर काढ रे…”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाणं संपायच्या आधीच आलं ते. एकट्याचं, हॉलच्या टोकावरून, घोगरं. लोकांनी वळून बघितलं आणि खुसुखुसू हसले. सचिवाला ‘व्हय’ कधी म्हणायचं तेही कळत नाही, असं एक म्हातारी उघड म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून शेवटचं दणदणीत ‘व्हय म्हाराजा’ दिलं आणि केटररनं पातेल्यांची झाकणं काढली.

गुणाजी जेवायला बसले नाहीत. खुर्चीवर एका कोपऱ्यात बसून राहिले. रत्नप्रभा पान घेऊन आली, त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि नवल म्हणजे न मागता आणखी एक वडा वाढून गेली. तेवढ्यात समोर हर्षद येऊन उभा राहिला. टॅब बगलेत होता.

“काका, अडखळलात.”

“व्हय.”

“आपलं ठरलं होतं.”

“व्हय रे बाबा. लाव तुझो डबो.” गुणाजींनी वडा तोडला, पण तोंडात घातला नाही. “आणि ता पाणीपुरीचा मी मुद्दाम केलंय. माका माफ कर.”

हर्षद शेजारच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ तो टॅबचं कव्हर उघडझाप करत राहिला. “पुढच्या वर्षी टॅब नाही देणार तुम्हाला,” तो शेवटी म्हणाला. “तोंडानंच म्हणा. बाळाकाका एका बाजूला उभे राहतील, दुसऱ्या बाजूला मी. नावं मी कानात सांगेन.”

गुणाजींनी हातातला वडा परत पानात ठेवला.

“आणि काका,” हर्षद त्यांच्याकडे न बघता, हळू म्हणाला, “ते घाईघाईत म्हणालात ना, घर, नोकरी, त्याच्या पुढचं. ते पुढच्या वर्षी पण मागाल?”

“नाय,” गुणाजी म्हणाले. “पुढल्या वर्षी ता मागूचा नाय, फेडूचा. तुमी तिघा नारळ घेवन येवा.”